चोविसावा आठवडा

हरीला लाज म्हणून उरली नव्हती. शनिवारच्या खेळाला आत मोजून अकरा माणसं आणि एक कुत्रा, आणि हा दारात 'हाऊसफुल'ची पाटी लावून शीळ घालत उभा. त्या अकरांतले चौघे फुकट पासवाले. दोघे बस चुकली म्हणून वेळ काढायला आलेले. एक जण बाल्कनीत खेळभर घोरत होता, आणि त्याचं घोरणं खाली पडद्याजवळच्या स्वस्त पिटात बसलेल्या कुत्र्याला पसंत नव्हतं. ते मधूनमधून वर बघून गुरगुरायचं. फुलबासीने हे सगळं तिकिटाच्या खिडकीतून पाहिलं, गल्ल्याला कुलूप लावलं, आणि घरी जाऊन मुलाच्या, म्हणजे हरीच्याच, ताटात बिनमिठाचा बैंगन चोखा, वांग्याचं भरीत, वाढला.

त्याने तो मुकाट्याने खाल्ला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

मुलगा म्हणजे काही लहान नव्हे. तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. नवरा जगलाल जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ह्या ऊसमळ्यांच्या बेटावरच्या कुवा गावातलं सनराइज थिएटर हरी चालवतो आणि हरीला फुलबासी चालवते. कुठला सिनेमा आणायचा ते तो ठरवतो. चण्याला मीठ किती, बाल्कनीत कोणाला बसू द्यायचं, कोणाच्या पोरीला कोणाच्या पोराशेजारची खुर्ची द्यायची नाही, हे ती ठरवते.

थिएटरच्या व्हरांड्यात एक फळी टांगलेली होती. निळ्या रंगावर पिवळी अक्षरं: आंधळी बहीण, तेवीस आठवडे, १९५०, जगलाल. सिनेमाचं खरं नाव वेगळं होतं, चांगलं लांबलचक हिंदी, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. त्यात एक आंधळी बहीण होती, म्हणून तो आंधळ्या बहिणीचा सिनेमा. फुलबासी मिशनच्या शाळेत दीड वर्ष गेली तेवढीच, पण ही फळी ती डोळे मिटून वाचायची. हरी फिल्मचा डबा स्टेशनात विसरला, की ती म्हणायची, तेवीस आठवडे. हरीने पंखा दुरुस्त करायचा ठेवला, की तेवीस आठवडे. लग्नानंतर तो पहिल्यांदा बायकोला घेऊन समुद्रावर गेला आणि उशिरा परतला, तेव्हाही त्या नव्या सुनेच्या, दुलहिनच्या, देखत तिने तेवढंच म्हटलं. जास्त बोलायची गरजच पडत नसे.

मग जानेवारीत, ऊसतोडणी सुरू होता होता, हेलिकॉप्टरचा सिनेमा आला. ह्यात नायक एका हाताने हेलिकॉप्टरला लटकतो, दुसऱ्या हाताने खलनायकाला ठोसे मारतो आणि तोंडाने गाणं म्हणतो. कुव्याला अजून काय हवं? तोडणीचा पगार लोकांच्या खिशात होता. पहिले दहा आठवडे पाय ठेवायला जागा नव्हती. पिटातली पोरं हेलिकॉप्टर संपलं की शिट्ट्या मारून खुर्च्या बडवायची आणि "मागे घे, मागे घे" ओरडायची, आणि हरी वर हात करायचा. मग कथबर्ट ती अकरावी रीळ उलटी गुंडाळून पुन्हा लावायचा. एका रविवारी पाच वेळा लावली. कथबर्ट हा जगलालच्या वेळेपासूनचा मशीनवाला, कमी बोलणारा, खिशात नेहमी खारवलेले आलुबुखारे. त्याने एकदा सांगून पाहिलं की अकराव्या रिळाला असं दळू नये, फिल्म म्हणजे काही ऊस नाही. हरीने ऐकलं नाही.

बाराव्या आठवड्यात गर्दी ओसरली. पंधराव्यात हाऊसमधल्या, म्हणजे मधल्या दराच्या, खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. शहाण्या माणसाने सिनेमा बदलला असता. पण हरीच्या डोक्यात फळी शिरली होती. चोवीस आठवडे करायचे. एक जास्त. बॉयसी पेंटरला त्याने पिवळा रंग आणून ठेवायला सांगितलं ते आठव्या आठवड्यातच.

फुलबासीला हे कळलं ते बॉयसीच्या बायकोकडून, बाजारात, भोपळा घेताना. तिचा भोपळा हातातच राहिला. बापाची फळी उतरवायची, तीही बापाच्याच थिएटरात, बापाच्याच खिळ्यावरून?

रविवारी सकाळी, घरात चोख्यात अजून मीठ नव्हतंच, तेव्हा हरीने विषय काढला. आज तेविसावा आठवडा भरतोय. पुढचा रविवार झाला की चोवीस भरतात. त्याचं म्हणणं, पैशात मोजलं तर बापाचा रेकॉर्ड त्याने दहाव्या आठवड्यातच मोडलाय, फक्त आठवडेच काय ते राहिलेत.

फुलबासी पोळपाटावरची रोटी थापता थापता म्हणाली, "तेव्हा पिटातलं तिकीट बारा सेंट होतं, आता एक डॉलर आहे. पैशात मोजायचं तर मग मिठाचाही रेकॉर्ड झाला म्हण. पावाचाही झाला म्हण. दर वर्षी होतोय."

"म्हणूनच आठवडे मोजतोय ना मी, मा."

"आठवडे मोज. माणसं पण मोज. कुत्रं सोडून."

हरीचा चेहरा लाल झाला. आणि मग तो ते बोलला जे त्याने बोलायला नको होतं. नऊ वर्षं नुसतं ऐकलं, म्हणाला, आता एकदा मी सांगतो. कथबर्टने त्याला सांगितलं होतं, थोडी रम पोटात गेल्यावर, की बापाचा सिनेमा पुरा नव्हताच. सातवा डबा उघडला तर आत भलतीच फिल्म. लोकांना तोडका सिनेमा दाखवून तेवीस आठवडे काढले.

"तोडक्या सिनेमाचा रेकॉर्ड धरतात का?" हरी म्हणाला. "धरायचाच नसतो. तरी मी धरलाय. बाप म्हणून."

फुलबासीने रोटी तव्यावर टाकली आणि ती करपली तरी उलटली नाही.

सातवा डबा. तो डबा तिला चांगला आठवत होता. बोटीने आला तेव्हा बाकीच्या तेरा डब्यांसारखाच गंजका, वर सात आकडा. पहिल्या खेळाला सहावी रीळ संपली, आंधळी बहीण विहिरीच्या काठावर उभी, आणि पडद्यावर एकदम मच्छर. एक भलामोठा मच्छर, आणि इंग्रजीत बोलणारा एक माणूस की साचलेलं पाणी ओतून टाका. बाहेर जाहिरात लागलेली, कर्ज काढून छप्पर घातलेलं, पुढची बोट सहा आठवड्यांनी. जगलाल पडद्याखालच्या पायरीवर बसला, टोपी हातात, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की फुलबासीला त्याची दया येण्याऐवजी रागच आला. ती तेव्हा दारात चणे विकायची. पदराला हात पुसले, पिटात पुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ऐका, मी सांगते मधे काय झालं ते.

तिला तरी काय ठाऊक होतं? पण बस्ती जिल्ह्यातून बोटीने ऊस तोडायला ह्या बेटावर आलेल्या तिच्या आजीने मजुरांच्या बराकीत तिला तिकडच्या इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या की एक विहीर आणि एक आंधळी पोरगी म्हणजे तिला खायचं काम होतं. त्या दिवशी बहिणीला साप चावला आणि विषाने डोळे उघडले. आठव्या रिळात ती खरोखर बघायला लागलेली होती, म्हणजे जुळलं. पुढच्या गुरुवारी, बायकांच्या खेळाला, तिला सापाचा कंटाळा आला. मग हकीम आला, त्याने शेळीच्या दुधात काहीतरी उगाळलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तर बहीण आंधळी नव्हतीच मुळी. भावाला चोरी करताना पाहिलं होतं म्हणून सोंग घेऊन बसली होती. ऊस तोडणाऱ्या बायकांत यावरून शेतात भांडणं झाली. साप खरा की हकीम खरा? ज्यांनी साप ऐकला त्या हकीम ऐकायला परत आल्या, हकीमवाल्या सोंग ऐकायला आल्या. पुरुष म्हणाले, आम्हालाही हवं. तेवीस आठवडे ती पिटात उभी राहिली, कडेवर हरी, आणि एकही गोष्ट दोनदा सांगितली नाही. फळी रंगवली तेव्हा बॉयसीच्या बापाने विचारलं, नाव कोणाचं? जगलाल म्हणाला, जगलाल. ती शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. थिएटर त्याचं होतं, छपराचं कर्ज त्याचं होतं. एक आकडा त्याला शोभून दिसला तर दिसू दे, असं तिला वाटलं होतं. सव्वीस वर्षं तिला तसंच वाटत आलं होतं, असं म्हणायचं तर म्हणा.

करपलेली रोटी तिने हरीच्याच ताटात टाकली.

पुढचा आठवडा हरीने माइकची गाडी फिरवली. कुवा, कॅलिफोर्निया, बालमेन, फीनिक्स पार्क, आसपासची सगळी गावं. सिनेमाबद्दल एक शब्द नाही. "रेकॉर्ड मोडताना बघायला या," एवढंच. आणि गंमत अशी की लोक आले. हेलिकॉप्टर सगळ्यांनी चार चार वेळा पाहिलेलं, पण रेकॉर्ड मोडताना कुणी पाहिलेला नव्हता. रविवारी दुपारी एकच्या खेळाला पिट भरलं, हाऊस भरलं, बाल्कनीत पांढऱ्या साड्या नि टाय दिसू लागले. चणेवालीचे चणे खेळ सुरू व्हायच्या आधी संपले. 'हाऊसफुल'ची पाटी दोन महिन्यांनी खरं बोलत होती. बॉयसी व्हरांड्यात शिडी लावून, रंगाच्या डब्यावर वर्तमानपत्र झाकून बसला होता, कारण जळत्या उसाची काळी राख उडत येऊन रंगात पडत होती.

एक गोष्ट मात्र सगळ्या कुव्याला माहीत होती, कारण ती जगलालनेच घालून दिली होती. खेळ पुरा झाला पाहिजे. कुणाचे पैसे परत करावे लागले तर तो खेळ मोजायचा नाही, आणि खेळ गेला की आठवडा गेला. जगलाल दुसऱ्यांच्या बाबतीत फार कडक माणूस होता.

दहा रिळं नीट गेली. अकराव्या रिळाला पडदा थरथरला, पांढरा झाला, दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण अजून मूड चांगला होता. पुन्हा अंधार, नायक छपरावर धावतोय, पंख्याचा आवाज येतोय, आणि पडदा पांढरा. तिसऱ्यांदा तर नायक छपरावर पोचलाच नाही. टाळ्या थांबल्या, शिट्ट्या सुरू झाल्या. पिटात सुकदेव नावाचा एक ट्रकवाला होता, त्याने खुर्ची बडवायला घेतली, आणि त्याचं बघून चाळीस खुर्च्या.

कथबर्ट जिना उतरून खिडकीपाशी आला. दोन्ही हातांत फिल्मचे तुकडे, पाचटासारखे. कडेची भोकं फाटून गेलेली, मशीन धरणार कशाला? "मिसेस जगलाल," तो म्हणाला, "यातून आता हेलिकॉप्टर निघायचं नाही. बारावी रीळ ठीक आहे. पण त्यात तो सरळ दवाखान्यातच असतो." आणि तोंडात एक आलुबुखारा टाकून तो तिथेच थांबला, जणू सव्वीस वर्षांपूर्वीही तो असाच तिच्याकडे आला होता. आलाच होता.

खिडकीपाशी हात यायला लागले. तिकिटाचे तुकडे धरलेले हात. आजी, पैसे. आजी, आधी माझे. गल्ल्याची किल्ली फुलबासीच्या बोटांत होती. तिने काहीच करायचं नव्हतं. नुसती किल्ली फिरवायची, पैसे द्यायचे, आणि फळी होती तिथे राहणार होती. जगलालचं नाव पिवळ्यात, कायमचं. हरीला पुढचा जन्मभर दोन शब्दांत गप्प करता आलं असतं. तिने किल्ली भोकात घातली, खोटं कशाला बोलू.

मग माणसांच्या मधून तिला पडद्याकडचा भाग दिसला. हरी पायरीवर बसला होता. डोक्यावर टोपी नव्हती म्हणून हात मोकळे होते, पण बाकी सगळं तेच. तीच पायरी, तेच तोंड. आणि तिला दया आली नाही. राग आला, तसाच.

तिने किल्ली काढून चोळीत खोचली, खिडकीचं दार लोकांच्या बोटांवर लोटलं आणि मधल्या वाटेने चालत पुढे गेली. पायातल्या चपला वाजत होत्या. गुडघा दुखत होता. पडद्यासमोर उभी राहून तिने सुकदेवकडे पाहिलं, एवढंच, आणि त्याची खुर्ची थांबली.

"हेलिकॉप्टर बघायला आलात ना," ती म्हणाली. "मग बसा. मी उडवते."

पिटात पहिल्या रांगेत लछमिन बसली होती, सत्तरी उलटलेली, तोंडात दात नाहीत. ती शेजारणीचा दंड धरून मोठ्याने म्हणाली, "अगं ही तीच. सातव्या डब्याची. मी हिचे वीस गुरुवार ऐकलेत." पायरीवर बसलेल्या हरीने मान वर केली.

फुलबासीने नायकाला छपरावरून उचललं. डाव्या हाताने लटकवलं, उजव्याने मारामारीला मोकळं ठेवलं. सिनेमात खाली कुठलंसं मोठं शहर होतं, पण तिला त्या शहरातलं काय ठाऊक? तिने हेलिकॉप्टर कुव्यावरून नेलं. साखर कारखान्याच्या धुराड्यातून धूर येऊन खलनायकाच्या डोळ्यांत गेला. पोलीस ठाण्यामागे सार्जंटच्या दोन चड्ड्या वाळत होत्या, एक अख्खी आणि एक नसल्यासारखी. नायकाच्या बुटात अख्खी अडकली आणि झेंड्यासारखी फडफडत गेली. बाल्कनीतले टाय हसून वाकले. सुकदेवचा ट्रक रमच्या दुकानापुढे भर दुपारी उभा होता, तोही वरून सगळ्यांना दिसला, आणि हाऊसमधून सुकदेवच्या बायकोने विचारलं की कुठल्या दिवशी. मग हेलिकॉप्टर एका थिएटरच्या छपरावरून गेलं. पत्रा एका जागी उडालेला. त्या भोकातून नायकाने आत बघितलं, म्हणाली फुलबासी, तर आत अकरा माणसं आणि एक कुत्रा, आणि दारात हाऊसफुलची पाटी. नायक इतका हसला की त्याचा हात सुटता सुटता राहिला.

सबंध थिएटर हरीकडे वळून हसलं. तोही हसला, आधी खाली बघून, मग वर बघून.

"मागे घे," पिटातून कोणीतरी ओरडलं. "मागे घे, मागे घे."

"मी काय मशीन आहे?" ती म्हणाली, आणि तरी मागे घेतलं. दुसऱ्या खेपेला हेलिकॉप्टर बाजारावरून गेलं.

शेवटी तिने खलनायकाला उसाच्या फडात टाकला, नायकाचा डावा हात मोडला आणि वर कथबर्टला खूण केली. दिवे गेले, बारावी रीळ सुरू झाली. दवाखाना, पांढरी चादर, नायक पडलेला, आणि पट्टी उजव्या हाताला. थिएटर हादरलं. अंधारातून फुलबासीचा आवाज आला, नर्स नवी आहे, तिने भलत्याच हाताला बांधली. त्यानंतरचं एकही वाक्य कोणाला ऐकू आलं नाही. नायिका रडत होती आणि सबंध कुवा तिच्यावर हसत होता.

पैसे परत मागायला एकही हात आला नाही.

व्हरांड्यात गर्दी बाहेर पडेना. सगळ्यांना फळी बघायची होती. बॉयसी शिडीवर चढला, ब्रशवरची राख फुंकली. लछमिन खाली उभी राहून ज्याला त्याला साप, हकीम आणि सोंग सांगत होती, आणि सांगताना एक चौथी गोष्टही सांगत होती जी फुलबासीने कधी सांगितलीच नव्हती. हरी आईजवळ आला. मग त्याने विचारलं की बाबांनी कधी सांगितलं का नाही. ती म्हणाली, त्यांना कोणी विचारलं नाही. त्याने विचारलं, आणि तू? तिचा घसा खरवडल्यासारखा झाला होता, चणेवालीकडून तिने मॉबीचा पेला घेतला आणि ते झाडाच्या सालीचं कडूजहर सरबत एका दमात संपवलं.

"चोवीसखाली नाव कोणाचं घालू?" वरून बॉयसीने विचारलं.

हरी आईकडे बघत होता. फुलबासीने फळीकडे पाहिलं, त्या पिवळ्या अक्षरांकडे, ज्यांतलं एक अक्षर पावसाने आता नीट वाचताही येत नव्हतं. मग पेला खाली ठेवला.

"ब्रश ठेव, बॉयसी. आकडा खडूने काढ," ती म्हणाली. "उद्या कोणीतरी पंचवीस करील, त्याला पुसायला बरं. नाव माझं घाल, आणि ते मात्र रंगाने घाल. आणि हरी, तू ऐक. तेवीसमधला सातवा डबा माझा, चोवीसमधला अकरावा माझा, म्हणजे बापाने माझ्या तोंडाच्या जोरावर नाव कमावलं आणि आज तूही. बापाने निदान हाऊसफुलची पाटी खरी लावली होती. रिकाम्या खुर्च्यांपुढे पुन्हा हाऊसफुल लावलंस तर ती पाटी तुझ्याच गळ्यात बांधून तुला बाजारातून फिरवीन, दुलहिनच्या देखत. आता घरी चल. चोख्यात मीठ घातलंय. आणि मंगळवारी सिनेमा बदल, माझा घसा बसलाय."